एका माणसाची होडी

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मी राहतो मीरा रोडला, नया नगरात. स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की पाच मिनिटांत आमची वस्ती लागते. चार-चार मजली जुन्या इमारती, खाली दुकानं, हैदरी चौकातली गर्दी. रमजानच्या महिन्यात तर रात्री दोन वाजतासुद्धा रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. अशा ठिकाणी राहणारा माणूस होड्यांविषयी बोलायला कसा काय आला, असं तुम्हाला वाटेल. तेही साध्या होडीविषयी नाही, कयाकविषयी. म्हणून आधी थोडा भूगोल सांगतो. भूगोल शिकवण्यातच माझी सगळी नोकरी झाली, ती सवय काही जात नाही.

मीरा-भाईंदरचा नकाशा समोर धरा. उत्तरेला वसईची खाडी. पश्चिमेला उत्तनपलीकडे अरबी समुद्र. मधल्या भागात मिठागरं आणि तिवरांची रानं. राजमाचीच्या डोंगरात उगम पावलेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण करत खाली येते, घोडबंदरला वळसा घालते आणि भाईंदर-वसईच्या मधून समुद्राला मिळते. म्हणजे आमचं गाव पाण्याच्या कुशीत बसलेलं आहे. पण आम्हाला त्याचा पत्ताच नसतो. वर्गात मी मुलांना विचारायचो, ‘खाडी कुणी कुणी पाहिलीय?’ सगळे हात वर. ‘कुठून पाहिलीत?’ ‘सर, ट्रेनमधून.’ भाईंदर आणि नायगावच्या मधल्या पुलावरून. मग मी विचारायचो, ‘त्या पाण्याला हात कुणी लावलाय?’ सगळे हात खाली.

आमच्या मुलांची पाण्याशी ओळख झाली ती वेगळ्याच रीतीनं. २६ जुलै २००५. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्याकडेही रस्त्यांचे ओढे झाले. तळमजल्यावरची दोन कुटुंबं आमच्या दोन खोल्यांत वर आली. त्या रात्री आमच्या घरात अठरा माणसं होती. म्हाताऱ्या बायका तस्बीह ओढत बसल्या होत्या, आणि मुलं जिन्याच्या कठड्यावरून बॅटरी मारून पाणी कितव्या पायरीवर आलं ते मोजत होती. त्या मुलांच्या लेखी पाणी म्हणजे ती रात्र.

माझ्या लेखी पाणी म्हणजे त्याहून जुनी एक दुपार. आमचं मूळ गाव वाशिष्ठीच्या काठचं, दाभोळच्या खाडीवरचं. त्या खाडीवरच्या आम्हा कोकणी मुसलमानांच्या घरांत पूर्वी एक तरी माणूस खलाशी असायचाच. माझे आजोबा मचव्यावर होते. वल्हं, शीड, सुकाणू, उधाण, भांग हे शब्द आम्ही मुळाक्षरांच्या आधी शिकलो. मी अकरा वर्षांचा होतो, माझा धाकटा भाऊ आठ. धक्क्याला दोन होड्या शेजारी शेजारी बांधलेल्या होत्या आणि ओहोटी लागली होती. हा एकीतून दुसरीत उडी मारायला गेला. पायाखालची होडी मागे सरकली आणि तो दोन्हींच्या मधे पडला. मी धक्क्यावर उभा होतो. मला पोहता येत होतं असं तोवर मला वाटायचं. त्या दिवशी कळलं की ओहोटीच्या ओढीत ते पोहणं म्हणजे काहीच नाही. तो सापडला तो दुसऱ्या दिवशी, खाली दूर.

त्यानंतर आमच्या अम्मीनं एकच नियम केला. या घरातलं मूल पाण्यात उतरणार नाही. आम्ही पुढे मुंबईला आलो, मग मीरा रोडला. नियम आमच्याबरोबर आला. खलाशाच्या घरातली दोन पिढ्या माणसं पोहायला न शिकता मोठी झाली. कुणी अम्मीला कधी उलट विचारलं नाही. मीही नाही.

आता नातीची गोष्ट सांगतो. माझ्या भाच्याचा मुलगा पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात होता. १८५४ साली सुरू झालेलं ते जुनं कॉलेज. त्याचा बोट क्लब आहे मुळा-मुठेच्या संगमाजवळ, १९२८ पासूनचा. दरवर्षी मार्चच्या सुमाराला तिथं ‘रेगाटा’ होतो. शर्यती असतात, आणि संध्याकाळी काठावर हजारो माणसं बसलेली असताना विद्यार्थी होड्यांची निरनिराळी कवायत करून दाखवतात. आम्ही सगळे बघायला गेलो होतो. त्यात एक खेळ असा की, पाच-सहा निमुळत्या, कमरेइतक्या रुंद होड्या, प्रत्येकीत एकच जण, हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. त्या गोल फिरत होत्या, एकमेकींना घासून जात होत्या, फुलासारख्या उमलत नि मिटत होत्या. माझी मुलीकडची नात तेव्हा बारा वर्षांची होती. ती काही बोलली नाही. घरी येताना गाडीत म्हणाली, ‘नाना, ती छोटी होडी मला शिकायची आहे.’

मी काय करावं? ‘नाही’ म्हणणं सोपं होतं. अम्मी आता हयात नाहीत, पण नियम होताच. मी शिक्षकानं करायचं तेच केलं. म्हटलं, ‘आधी माहिती काढू, मग बघू.’ वेळ काढायचा माझा हेतू होता, हे कबूल करतो. पण ती माहिती काढता काढता मीच त्यात गुंतत गेलो.

कयाक ही मुळात बर्फातल्या लोकांची होडी. ग्रीनलंड, कॅनडाचा उत्तर भाग, अलास्का इथले इन्युइट आणि त्यांचे शेजारी यांनी ती हजारो वर्षांपूर्वी बनवली. त्या मुलखात झाडच उगवत नाही. म्हणून समुद्रातून वाहून आलेलं लाकूड आणि देवमाशाची हाडं बांधून सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचं कातडं ताणून शिवायचं. खिळा एकही नाही, सगळी बांधणी चामड्याच्या वादीनं. आणि गंमत अशी की ही होडी दुकानात मिळायची नाही, ती अंगाच्या मापानं शिवायची, सदऱ्यासारखी. लांबी म्हणजे दोन्ही हात पसरले की जेवढी वाव होते तशा साधारण तीन वावा. बैठकीची रुंदी म्हणजे कमर आणि वर दोन मुठी. दुसऱ्याची कयाक आपल्याला व्हायची नाही. बायका, मुलं आणि सामानसुमान न्यायला त्यांची मोठी उघडी होडी वेगळी होती, तिला उमियाक म्हणतात. कयाक मात्र शिकाऱ्याची, एका माणसाची. आवाज न करता सीलच्या जवळ जायचं, हे तिचं काम.

या शिकाऱ्यांबद्दल वाचताना एका ओळीपाशी मी थांबलो. त्यांच्यातल्या बहुतेकांना पोहता येत नसे. यायचं कारणच नव्हतं. त्या पाण्यात माणूस पोहत राहिला तरी थंडीनंच काही मिनिटांत गारठून जातो. मग त्यांनी काय केलं? पाण्याला भिऊन घरी बसले असते तर उपाशी मेले असते. त्यांनी होडी उलटली तर होडीतून बाहेर न पडता, वल्ह्याच्या एका फटक्यानं पुन्हा सरळ व्हायची विद्या शोधून काढली. अंगातला कातडी डगला बैठकीच्या कड्याला असा घट्ट आवळायचा की आत थेंब जाऊ नये. मग डोकं खाली, होडी वर, अशा अवस्थेतून कमरेच्या हिसक्यानं वर यायचं. वल्हं हातात असताना, वल्हं निसटलं असताना, एक हात दोरीत अडकला असताना, अशा वेगवेगळ्या प्रसंगांसाठी या कोलांटीचे तीसेक प्रकार ग्रीनलंडमध्ये आजही शिकवतात आणि त्यांच्या स्पर्धाही होतात. मला वाटलं, अम्मीनं पाण्यापासून दूर ठेवून आम्हाला वाचवलं. या लोकांनी मुलांना पाण्यात उलटं करून वाचवलं. दोन्हींत माया तीच. पण त्यांच्या मुलांना पाणी कळलं, आम्हाला नाही.

लोक कयाक आणि कनू यांत गल्लत करतात, म्हणून एक खुलासा. दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं आणि पाय पुढे पसरून बसणं, ही कयाक. एकाच टोकाला पातं असलेलं वल्हं आणि गुडघ्यावर बसणं, ही कनू. दोन्हींत माणूस जिकडे जायचं तिकडे तोंड करून बसतो. शर्यतीच्या लांब वल्हवायच्या होडीत, ज्याला रोइंग म्हणतात त्यात, पाठ पुढे असते. ऑलिम्पिकमध्ये कयाक आणि कनूच्या शर्यती १९३६ च्या बर्लिनपासून आहेत. शर्यतीची एका माणसाची कयाक जास्तीत जास्त ५ मीटर २० सेंटिमीटर लांब आणि कमीत कमी १२ किलो वजनाची असते. म्हणजे तांदळाच्या अर्ध्या गोणीहूनही हलकी.

ही शिकाऱ्याची होडी हौसेची झाली ती युरोपात. १८६५ साली जॉन मॅकग्रेगर नावाच्या एका स्कॉटिश बॅरिस्टरनं ‘रॉब रॉय’ नावाची लाकडी होडी करवून घेतली आणि दुतोंडी वल्ह्यानं तो एकटा युरोपच्या नद्या फिरून आला. पुढच्याच वर्षी त्याचं पुस्तक निघालं आणि तशा होड्यांचं वेड पसरलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत घडीची कयाक निघाली. लाकडाचा सांगाडा सुटा करायचा, वरचं मेणकापड गुंडाळायचं, दोन पिशव्यांत भरून आगगाडीनं नदीवर जायचं.

आणि अशाच एका घडीच्या होडीनं माझी झोप उडवली. ऑस्कर स्पेक नावाचा एक जर्मन इलेक्ट्रिशियन होता. १९३२ साल, मंदीचे दिवस, हा बेकार. उल्म गावाहून डॅन्यूब नदीत त्यानं आपली घडीची कयाक सोडली. सायप्रसच्या तांब्याच्या खाणीत काम मिळेल अशी आशा होती. तिथवर पोचला, पण मग पुढेच जात राहिला. सीरिया, युफ्रेटिस नदी, इराणचं आखात, बलुचिस्तानचा किनारा, कराची, आणि तिथून आपला सगळा पश्चिम किनारा उतरत श्रीलंकेपर्यंत. मग मद्रास, कलकत्ता, ब्रह्मदेश, जावा. सात वर्षं. हिवताप, वादळं, चोऱ्या. १९३९ च्या सप्टेंबरात तो ऑस्ट्रेलियाच्या एका उत्तरेकडच्या बेटाला लागला. तोवर महायुद्ध सुरू झालं होतं, आणि जर्मन म्हणून पोलिसांनी त्याला सरळ नजरकैदेत टाकलं. त्याचं सामान आज सिडनीच्या सागरी संग्रहालयात आहे. आणि या गृहस्थालाही म्हणे पोहता येत नव्हतं! माझ्या मनात आलं, कराचीहून खाली येताना तो वसईच्या खाडीच्या तोंडावरून गेला असणार, दाभोळच्या तोंडावरूनही गेला असणार. तेव्हा आजोबा ऐन तारुण्यात होते, मचव्यावर होते. एखाद्या सकाळी दूर पाण्यावर काडीसारखी होडी आणि पंख हलवावेत तसं हलणारं वल्हं त्यांनी पाहिलं असेल का? पाहिलं असेल तर काय म्हटलं असेल?

आपल्या माणसांचंही सांगायला हवं. मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी २०१५ मध्ये मुंबई ते गोवा हे अंतर कयाकनं एकट्यानं पार केलं. मग २०१५ च्या अखेरीस त्यांनी गुजरातपासून सुरुवात केली आणि २०१६ च्या आरंभी ते कन्याकुमारीला पोचले. सुमारे तीन हजार किलोमीटर, ८४ दिवस. ते पाण्यातून आणि त्यांची सहकारी काठाकाठानं सायकलवर. ग्वाल्हेरच्या प्राची यादव या पायांनी अधू आहेत. टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, या खेळात उतरलेल्या त्या पहिल्या भारतीय. पुढे २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्यांनी कयाकमध्ये सुवर्णपदक मिळवलं. पाय चालत नसले तरी ज्यात बरोबरी करता येते अशी ही होडी आहे, हे माझ्या नातीनं मला ऐकवलं.

आता आमच्या शिकण्याकडे येतो. आमच्या गावात, खाडी दाराशी असून, ही होडी शिकायची सोय मला सापडली नाही. महाराष्ट्रात लोक जातात ते पवना धरणाच्या जलाशयावर, कोकणात खाड्यांवर, किंवा कोलाडला कुंडलिका नदीवर. कुंडलिकेचं पाणी मोठं गमतीचं. भिऱ्याच्या वीजघरात वीज झाली की ते पाणी नदीत सोडतात आणि त्याच्या जोरावर सकाळी तिथं राफ्टिंग चालतं. वीज नाही तर नदीला ओढ नाही. पण ते खळाळतं पाणी शिकाऊंसाठी नाही. आम्ही मेच्या सुट्टीत कोकणातच एका शांत खाडीवर गेलो. वाशिष्ठीवर मात्र मुद्दाम गेलो नाही. एक तर तिथं मगरी आहेत. दुसरं कारण तुम्हाला सांगितलंच.

तिथं काय झालं ते ऐका. काठावर एक तरुण होड्या भाड्यानं देत होता. रंगीत, प्लॅस्टिकच्या, वर बसायच्या कयाक. या उलटल्या तरी माणूस आत अडकत नाही आणि आलेलं पाणी भोकांतून निघून जातं, म्हणून नवख्यांना त्या बऱ्या. त्यानं नातीला तरंगतं जॅकेट दिलं. तीन बकलांपैकी दोन तुटलेली. मी म्हटलं, ‘दुसरं द्या.’ दुसऱ्याचा पट्टाच नव्हता. तो म्हणाला, ‘काका, पाणी कमरेएवढंच आहे, नुसतं अडकवा गळ्यात. फोटोपुरतं.’ श्रोतेहो, फोटोपुरतं! मी आवाज चढवणारा माणूस नाही, पण त्या दिवशी काठावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. आम्ही तिथून उठलो. नात रडत होती. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘बघा, अम्मी बरोबरच होत्या.’

१८ जानेवारी २०२४ ला बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली. शाळेची बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बहुतेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबई बंदरात घारापुरीला निघालेल्या लाँचला नौदलाची वेगवान बोट धडकली. तेव्हाही जॅकेट कुणाच्या अंगात होतं आणि कुणाच्या नव्हतं, याचीच चर्चा झाली. अशा बातमीनंतर चार दिवस कडक तपासणी होते, मग पुन्हा ‘फोटोपुरतं’ सुरू. म्हणून मी एवढंच सांगेन. जॅकेट घातल्यावर बकलं लावा, पट्टे आवळा आणि मग मागून कुणाला तरी खांद्यापाशी धरून ते वर ओढायला सांगा. ते हनुवटीपर्यंत वर आलं तर ते जॅकेट तुमचं नाही. दुसरं मागा. दुसरं नसेल तर घरी जा. परत जाण्यात कमीपणा नाही.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावात एक चांगला माणूस भेटला. कोळी घरातला, चाळिशीचा. त्यानं तासभर होडीला हातच लावू दिला नाही. आधी कमरेएवढ्या पाण्यात जॅकेट घालून उताणं तरंगायला लावलं, नातीला आणि मलाही. मग मुद्दाम होडी उलटी करून तिच्यावर पुन्हा कसं चढायचं ते तीनदा करवून घेतलं. त्यानंतर वल्हं दिलं. म्हणाला, ‘हातानं ओढू नका मास्तर, दहा मिनिटांत दमाल. पाय टेकवा, कंबर फिरवा. हात नुसते धरायला.’ आणि खरोखर, ताकाची रवी घुसळताना जसं अंग फिरतं तसं अंग फिरलं की होडी आपोआप पुढे जाते. उजवीकडे वळायचं तर डाव्या बाजूनं मोठा अर्धगोल मारायचा. उभं राहायचं नाही. तोल जातोसं वाटलं तर काठ धरायचा नाही, पातं पाण्यावर आडवं थोपटायचं. पाणीच आधार देतं.

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी पन्नास वर्षांनी पहिल्यांदा खाडीच्या पाण्यावर बसलो. कयाकमध्ये तुम्ही पाण्याच्या वर नसता, पाण्याच्या पातळीला असता. हात सोडला की बोटं भिजतात. तिवरांची मुळं डोळ्यांसमोर येतात, चिखलावर निवट्या उड्या मारताना दिसतात, बगळा दहा हातांवर उभा असतो आणि उडत नाही. होडी इतकी उथळ की वीतभर पाण्यातूनही जाते. तिला आवाज नाही, धूर नाही. नात माझ्यापुढे वीस हात होती. मी सारखा तिच्या पाठीकडे, त्या केशरी जॅकेटाकडे बघत होतो. खोटं कशाला सांगू, मला निसर्ग बिसर्ग फार दिसला नाही पहिल्या दिवशी. मला ते जॅकेटच दिसत होतं.

काठावर आल्यावर त्या माणसानं तिला विचारलं, ‘आज तिथी कोणती?’ तिला सांगता येईना. मला आली. आणि मग माझ्या तोंडून आजोबांचं गणित बाहेर पडलं, पन्नास वर्षं न वापरलेलं. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. थोडं इकडेतिकडे होतं, पण मुंबई-कोकणच्या किनाऱ्याला हे बरंच जुळतं. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण. रोज वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा येतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाण्याची ओढ सगळ्यांत जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा ओढ कमी. म्हणून शिकाऊंनी भांगाचे दिवस धरावेत, तेही सकाळी, कारण दुपारनंतर खारा वारा सुटतो. निघताना ओढीच्या विरुद्ध जावं, म्हणजे दमल्यावर परत येताना ती ओढच घरी आणते. हे ऐकून तो कोळी हसला. म्हणाला, ‘मास्तर, तुम्हाला सगळं येतं की!’ मी त्याला म्हटलं नाही, की हे मला येत होतं तेव्हाही त्याचा उपयोग झाला नव्हता. माझा भाऊ गेला तेव्हा उधाणाची ओहोटी होती. आम्हाला ती कळत होती. कळूनही आम्ही बांधलेल्या होड्यांवर उड्या मारत होतो, आणि अंगात जॅकेट कुणाच्याच नव्हतं. पाण्याची माहिती आणि पाण्याची शिस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माहितीला शिस्तीची जोड नसली तर ती माहिती कामाची नाही.

आता आमच्या खाडीकडे पुन्हा येतो. ही काही ऐरीगैरी खाडी नव्हे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्याआधी भाईंदरकडचा धारावीचा किल्ला मराठ्यांनी घेतला, कारण खाडीचं तोंड ज्याच्या हाती त्याच्या हाती वसई. रेल्वेच्या दोन पुलांच्या मधे पाणजू बेट आहे. गाडी त्यावरून धडधडत जाते, पण तिथल्या माणसांचा रस्ता पिढ्यान्‌पिढ्या होडीचाच. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली. आता मोटारी खाडी ओलांडतात. मी नातीला घेऊन त्या धक्क्यावर जातो. ती विचारते, ‘नाना, इथं का नाही शिकवत?’

उत्तर सरळ आहे, तेच तिला दिलं. पाणी घाण आहे. कल्याण-उल्हासनगरच्या पट्ट्यातलं सांडपाणी याच वाटेनं येतं. या पाण्यात मी तिला उलटं व्हायला सांगणार नाही, आणि उलटं व्हायला न शिकता कयाक शिकवणं म्हणजे फसवणूक. शिवाय इथली ओढ जोराची, मोठ्या बोटींची ये-जा, आणि ओहोटीला काठावर मांडीभर चिखल. म्हणजे इथं शिकवायचं तर उतरायला नीट पायऱ्या हव्यात, सुटकेची बोट हवी, जाणता शिक्षक हवा, आणि सगळ्यांच्या आधी पाणी स्वच्छ हवं. यातलं पहिलं पैशानं होईल. शेवटचं पैशानं होत नाही. त्यासाठी काठावरच्या माणसाला ते पाणी आपलं वाटावं लागतं. आणि ज्या पाण्याला कधी हात लावला नाही ते आपलं वाटणार कसं? असा हा पेच आहे.

तो पेच मी सोडवू शकत नाही. मी एक छोटी गोष्ट सुरू केली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या इमारतीतली आणि शेजारची मुलं घेऊन मी धक्क्यावर जातो. होडी नाही, वल्हं नाही. आम्ही नुसते उभे राहतो. तिथी सांगतो, भरतीची वेळ काढतो आणि ती खरी ठरते का ते घड्याळात बघतो. पाणी ठरल्या वेळी थांबलं, वळलं, की मुलं टाळ्या वाजवतात. २००५ च्या त्या रात्री जिन्यावर पायऱ्या मोजणाऱ्या मुलांपैकी एक जण आता बाप आहे. तो आपल्या मुलाला घेऊन येतो. आणि सगळी मुलं पोहायला शिकली पाहिजेत, ही माझी अट आहे. महापालिकेचा तरण तलाव असो की खासगी, फी भरता येत नसेल तर आम्ही आपसांत वर्गणी काढतो. मागच्या सुट्टीत सात मुलं शिकली. त्यांत चार मुली.

नात आता चौदा वर्षांची आहे. दर सुट्टीत त्या कोळी गुरूंकडे जाते. मागच्या खेपेला तिनं ती कोलांटी केली. होडी उलटली, पाण्याखाली गेली. मी काठावर होतो. मनातल्या मनात आकडे मोजत होतो, एक, दोन, तीन, चार. पाचाला केशरी जॅकेट वर आलं, मग डोकं, मग हसू. तिनं ओरडून विचारलं, ‘नाना, किती सेकंद?’

मी म्हटलं, ‘पाच.’

सौभाग्यवती शेजारी उभ्या होत्या. त्यांनी तस्बीह पिशवीत ठेवली आणि तिला हाक मारली, ‘आता बाहेर ये, केस पूस आधी.’